शब्दाचे शेजारी

“अर्थ सांगायचा पगार घेता ना? मग सांगा.”

बापानं पुस्तक बाईंच्या टेबलावर आपटलं. शाळा सुटली होती. बाकं रिकामी, फळा अर्धा पुसलेला, आणि फळ्याशी त्याची मुलगी डस्टर छातीशी धरून उभी.

तो गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या बाजूला दुसरा ब्रेक असायचा आणि पाय कायम त्याच्यावर. शिकायला येणारे त्याच्या पाठीमागं त्याला ब्रेकसर म्हणायचे.

“काल हिला विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? तर म्हणते, बाईंनी शोधायला सांगितलाय. मी कुणाला म्हणतो का, ब्रेक कुठला ते तूच शोधून काढ? म्हटलं असतं तर निम्मं शहर प्लास्टरात असतं.”

बाई हसल्या नाहीत. “शब्दाला शेजारी असतात,” त्या म्हणाल्या. “आधी त्यांच्याकडे चौकशी करायची. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक असतं.”

“असल्या चौकशा करायला मी पोरीला शाळेत घालत नाही. उद्यापासून ही दुसऱ्या तुकडीत बसेल. तिथं अर्थ फळ्यावर लिहून देतात. मुख्याध्यापकांशी बोलून आलोय मी.”

मुलीची बोटं डस्टरमध्ये रुतली. गेल्या वर्षी वाचायची पाळी आली की तिच्या पोटात दुखायचं. यंदा ती रस्त्यानं दुकानांच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत चालायची. बापाला हे दिसलं नव्हतं असं नाही. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द तो मागं घेत नसे.

“कुठं अडलं होतं गं?” बाईंनी विचारलं.

मुलगी मुकाट्यानं पुढं आली. वाचू लागली. “हरणं पाणवठ्यावर आली. वारा पडला. झाडावरचं वानर गप्प झालं. हरणांनी धास्तीनं माना वर केल्या. समोरचं गवत तसंच होतं.”

“धास्ती म्हणजे भीती,” बाप म्हणाला. “झालं. एका शब्दात काम. त्याच्यासाठी शेजारीपाजारी कशाला हिंडायचं?”

“भीती तिला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या.

“मग लिही म्हणावं, भीती.”

मुलीचं बोट शब्दावर नव्हतंच. ते त्याच्या आगेमागे फिरत होतं, सांडलेला मणी चाचपावा तसं.

“भीती नाही, बाबा.”

“मग काय? बोल की. तोंड शिवलंय?”

“भीती वाघ दिसल्यावर वाटते. इथं वाघ आलेलाच नाही. गवतसुद्धा हललं नाही.” तिनं पानावरचं बोट उचललं. “तुमची गाडी कोपऱ्यावर वळते ना, तेव्हा आई रेडिओ बंद करते. मी दारातल्या चपला सरळ लावते. तुम्ही अजून आलेले नसता. ती धास्ती.”

बापाचा पाय फरशीवर करकचून दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता.

मग बाईंनी पुस्तक मिटलं. “तुकडीचं काय करायचं?”

“राहू दे,” तो म्हणाला. कुणाकडे बघितलं नाही.

घराकडे येताना त्यानं गाडी कोपऱ्याच्या अलीकडेच थांबवली. इंजिन बंद केलं.

“इथं का, बाबा?”

त्यानं किल्ली खिशात टाकली. दोघं चालत निघाली. पोरगी एक पाऊल मागं, त्याच्या सावलीच्या कडेकडेनं. घराची खिडकी उघडी होती. आत रेडिओ लागला होता, आणि रेडिओतल्या गाण्याच्या किंचित मागून, भांड्यांच्या आवाजातून वाट काढत, आणखी एक गळा येत होता. मोकळा, भरलेला.

तो फाटकाशी थबकला.

“हे कोण गातंय?”

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली.

“आई,” ती म्हणाली. “रोज गाते.”