पेटीतल्या दोघी

“हसतेस काय, वहिनी? किंचाळायचंय,” नणंद म्हणाली. “आणि घशातून नाही, पोटातून. दादाने करवत टेकवली की लगेच.”

जादूगाराच्या बायकोने उशीत तोंड खुपसून किंचाळून पाहिलं.

“मांजर बरं.”

“तुमचे पाय तरी कुठे शहाणे आहेत, वन्सं? करवत लागली की आधी अंगठा ताठ झाला पाहिजे. मग बाकीची बोटं. सगळी एकदम हलवलीत तर लोकांना वाटेल मुंग्या आल्यात.”

सर्कशीतल्या बाई कापण्याच्या खेळात लोकांना पेटीत एक बाई दिसते. असतात दोघी. पेटीखालच्या टेबलाची कड निमुळती केलेली असते, त्यामुळे फळी दुरून पातळ वाटते; तिच्या पोकळीत दुसरी आधीच निजलेली असते. डोकं एकीचं, पाय दुसरीचे. डोकं रोज नणंदेचं असे, पाय जादूगाराच्या बायकोचे. म्हणून ती रिंगणात कधी यायची नाही, टाळ्या घ्यायलाही नाही. आणि हे बाहेर कोणाला सांगायचं नाही, जन्मदात्या आईलाही नाही.

आई काल आली होती. मागच्या बाकावर बसून तिने अख्खा खेळ पाहिला आणि आज सकाळी लेकीला म्हणाली, “तू कुठेच नव्हतीस. म्हणजे इथे भांडीच घासतेस ना? मग माझ्या घरची घास. उद्याच्या गाडीने चल माझ्याबरोबर.”

लेकीला तोंड उघडता आलं नव्हतं. म्हणून आज नणंद खाली जाणार होती आणि ती वर.

जादूगार आत डोकावला. “सासूबाई पहिल्या रांगेत बसल्यात. त्यांच्यासमोर तुला कापू?”

“रोज कापता की.”

“रोज हिला कापतो. हिची आई ती माझीच आई, ती काही बोलत नाही.”

रिंगणात पेटीवर करवत टेकली. समोर आईचा चेहरा होता. बायको किंचाळली, आणि इतकं खरं किंचाळली की आई उठलीच.

“अहो जावईबापू! थांबा! लेक आहे माझी ती!”

तंबू हसला. ही बाईसुद्धा सर्कशीतलीच असणार, असं सगळ्यांना वाटलं. जादूगाराला आता थांबता येत नव्हतं. आई गुडघे सांभाळत कठडा ओलांडून आली, तोवर पेटीचे दोन भाग झाले होते आणि मधल्या फटीतून पलीकडचे बँडवाले दिसत होते.

“आई, मला काही झालं नाही गं,” डोकं हळूच म्हणालं.

आईने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. तेवढ्यात बाकांवरून कोणी ओरडलं, “मावशी, पायही बघा! तिचेच आहेत का?”

“तिचेच आहेत का? तिचेच आहेत का?” सगळा तंबू विचारू लागला.

जादूगाराच्या हातात करवत तशीच राहिली. आई दुसऱ्या भागाकडे गेली. दोन्ही पावलं तिने हातांत घेतली. लेकीची पावलं अरुंद होती, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. ही रुंद होती, बोटं उतरत्या भाजणीने लहान होत गेलेली. आईने वाकून टेबलाची कड पाहिली. मग रिंगणावर एक नजर फिरवली. काल पेटीतून डोकं काढून हसणारी लेकीची नणंद आज कुठेच नव्हती.

तिने मान वळवून लेकीकडे पाहिलं. लेकीने डोळे मिटून घेतले होते.

आईच्या हातांतली पावलं थरथरत होती, अंगठे, बोटं, सगळी एकदम.

“तिचेच!” आई खणखणीत आवाजात म्हणाली. “मी जन्म दिलाय तिला, मला कळत नाही?”

टाळ्या पडल्या. आई जागची हलली नाही. ती पावलं तळहातांनी चोळत राहिली.

“जोडा हो तिला लवकर,” ती जावयाला म्हणाली. “पाय किती गार पडलेत पोरीचे.”