कॉकपिटमधलं पाणी

बाल्टिकच्या काठावर हिवाळा लागला, की सिक्स्टेनची शिडाची होडी अंगणात लाकडी टेकूंवर चढायची. बायको, मार्ता, वारल्यापासून ती उतरलीच नव्हती.

आज त्याने कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायची जागा, घासून काढली आणि भुसा धुवायला विहिरीचं बादलीभर पाणी ओतलं.

पाणी निचऱ्याच्या भोकातून गेलंच नाही. लाटेवर असावं तसं ते वरखाली होत राहिलं. त्याने बोट बुडवून चाखलं. खारट.

“गुनेल, भोक तुंबलंय का गं?”

शेजारीण होडीखाली वाकली. “छे! आरपार तुझं थोबाड दिसतंय, म्हाताऱ्या.”

“आणि पाणी?”

“कसलं पाणी? इथे बर्फ कोरडाच आहे.”

तिचा पुढचा आवाज मात्र धक्क्यावरून यावा तसा लांबून आला.

“अरे, दोघंच कुठे निघालात?”