तोंडावर बोट

"हाताची घडी, तोंडावर बोट!" वृषालीने लेकीला दहाव्यांदा दटावलं. नऊ वर्षांच्या केतकीच्या डोक्याला वायरी चिकटवल्या होत्या, तरी तोंडाचा पट्टा सुरूच होता. जबडा हलला की मेंदूची नोंद बिघडते आणि फिट कुठून उठते ते कळत नाही, असं टेक्निशियनने बजावलं होतं.

दुपारी डॉक्टरांनी स्क्रीनवरच्या लाल ठिपक्यावर पेन टेकवलं. "जागा सापडली. एवढा भाग काढला नाही, तर एखादी फिट जिवावर बेतेल. पण बोलणंही तिथूनच येतं. काढला तर वाचा जाऊ शकते."

वृषालीने ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

बाहेर बाकावर केतकी शहाण्यासारखी तोंडावर बोट ठेवून बसली होती. वृषालीने ते बोट हळूच बाजूला केलं.

"बोल गं बाई," ती म्हणाली, "काय वाट्टेल ते बोल."