शेजारची सीट

कलाहारीच्या वाळूतून पाहुण्यांच्या गाड्यांचा ताफा नेणाऱ्या मोथुसीचा एकच नियम होता: ज्याची गाडी रुतेल, त्यानं दिवसभर स्टेअरिंग शेजारच्या सीटवरच्याकडे द्यायचं. विलेमकाकांना त्याची फिकीर नव्हती. तीन दिवस ते शेजारी बसलेल्या एल्साकाकूंना चिडवत होते, "तू आपला कॉफीचा थर्मास सांभाळ. वाळू म्हणजे काही स्वयंपाकघर नव्हे!"

चौथ्या सकाळी पहिल्याच टेकाडावर काकांची गाडी पोटापर्यंत रुतली. काका तोंड पाडून उतरले.

मोथुसीनं डोकं खाजवलं. "अहो, रुतू नये म्हणून चारही चाकांतली हवा काल मीच कमी केली होती की!"

काकूंनी काकांच्या हातात थर्मास दिला, सीट पुढे ओढली आणि काका पलीकडून चढेपर्यंत मोथुसीच्या कानाशी कुजबुजल्या,



"पहाटे हे घोरत होते, तेव्हा मी हवा परत भरली. आता काढ पटकन!"