बॅगेचं शटडाउन

पासपोर्ट बॅगेत, बॅगेला प्लांटचं लाल कुलूप, चावी बाबांच्या खिशात आणि बाबा प्लांटमध्ये. स्नेहल हुडको कॉलनीतल्या घराच्या दारात बॅगेवर बसली होती. रायपूरहून विमान एक वाजता, पुढे दिल्ली, पुढे जर्मनी. सव्वादहा वाजले होते.

पासपोर्ट हरवू नये म्हणून आईनेच तो स्वेटरच्या घडीत ठेवला होता. मग पहाटे ड्युटीवर जाताना बाबांनी, दौलतरावांनी, बॅगेला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. मशीन दुरुस्तीत तीस वर्षं गेलेल्या माणसाचे हात असेच चालतात. मशीनखाली शिरण्याआधी तिच्या स्विचला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्यापाशी. ते निघेपर्यंत मशीन कोणी सुरू करायची नाही.

"फोन उचलूनच नाही राह्यले," आई म्हणाली. "निरोप धाडला शिफ्टवाल्याकडे."

"बॅग फाडू?"

"नवी आहे थे!"

बाहेर गाडीत राजदीप होता. तिच्यासारखाच जर्मनीतल्या कॉलेजला निघालेला. भीतीने त्याने स्वतःचा पासपोर्ट दातांत धरला होता. तो काढून ओरडला, "तोड़ दे ना यार! फ्लाइट छूट जाएगी!"

शेजारचे मारोतराव हॅक्सॉ घेऊन आले. प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटातून रिटायर झालेले. दुसऱ्या हातात कागद होता.

"दुसऱ्याचं कुलूप असं तोडता नाही येत, पोरी. फॉर्म भरा लागते."

"काका, बॅग आहे ही!"

"पहिला प्रश्न. ज्याचं कुलूप, तो माणूस आत तर नाही ना?"

"विमानवाले तेवीस किलोच नेऊ देतात, काका. बाबा अठ्ठ्याहत्तर आहेत."

"म्हंजे नाही. मंग 'नाही' लिही."

स्नेहलने लिहिलं. मारोतरावांनी चष्मा पुसला आणि कापायला बसले. प्लांटचं कुलूप, प्लांटसारखंच दणकट. नऊ मिनिटं लागली. तिने स्वेटर उपसला, पासपोर्ट काढून छातीशी धरला आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

तेवढ्यात स्कूटर आली. दौलतरावांच्या डोक्यावर प्लांटचं पिवळं हेल्मेट तसंच होतं. मुठीत चावी. त्यांनी कुलपाचे दोन तुकडे पाहिले.

"कोनं तोडलं?"

"म्या. नियमानं," मारोतराव म्हणाले. "आता खाली तुयी सही पाह्यजे. मंग मशीन चालू."

दौलतरावांनी कागद स्कूटरच्या सीटवर ठेवला. शेवटची ओळ छापील होती: 'माझे काम पूर्ण झाले आहे. चालू करण्यास हरकत नाही.'

ते वाचत राहिले. दोन वेळा वाचण्याएवढं त्यात काही नव्हतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"बाबा, करा ना लवकर," स्नेहल म्हणाली.

त्यांनी पेन टेकवला. उचलला. झटकला.

"पेन चालून नाही राह्यला."

"आन इकडे." मारोतरावांनी पेन घेतला आणि स्वतःच्या तळहातावर रेघ ओढली. जाड, निळी रेघ उमटली. त्यांनी दौलतरावांकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

"खरंच नाही चालत," ते म्हणाले. "बस गाडीत, पोरी. थे लाइन राहू दे रिकामी."