माशांचा दुपारचा पाहुणा

‘सखोल चौकशीअंती असे आढळले की, दुपारी घरात कोणीही परका माणूस येत नाही.’

आपल्या तक्रारीला काळजीवाहू बाया पुरवणाऱ्या संस्थेने दिलेल्या उत्तरातले हे वाक्य प्राध्यापिका छिउ यू-हुआ यांनी दोनदा वाचले. जुन्या पोथ्यांत मागाहून घुसडलेले प्रक्षेप हुडकण्यात तीस वर्षे घालवलेल्या बाईंना ‘सखोल’ हाच प्रक्षेप वाटला. चौकशीसाठी कोणी जिनाही चढले नव्हते.

शिवाय काचेच्या टाकीत सहा साक्षीदार पोहत होते. वाटाण्याएवढे पफर मासे, पोटे टम्म. दर शनिवारी बाई तैपेहून वडिलांच्या या घरी येऊन त्यांच्यासाठी गोगलगायी सोडत. फ्रीजमधल्या गोठवलेल्या अळ्या अडीनडीला. त्याच अळ्या संपत होत्या. आज बुधवारी, न कळवता आलेल्या बाईंना एका माशाच्या तोंडातून लोंबणारे अळीचे लाल शेपूट दिसले. वडिलांना सांभाळणारी वार्सिनी मात्र तासाभरापूर्वीच बाजारात गेलेली.

लकव्याने आठ महिने मुके, लुळे झालेले वडील खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होते. त्यांच्या बाहीची कड ओली. लाळ पुसायलाही हिला सवड नाही. बाईंनी आरोपपत्रात भर घातली.

वार्सिनी भाजीची पिशवी घेऊन आली आणि दारातच थबकली.

“कोण येतं गं इथे?”

“कोणी नाही, बाई. शप्पथ!”

“मग माशांना कोण खाऊ घालतं? तू?”

“मी? विषारी असतात ते! काच पुसते तीसुद्धा डोळे मिटून.”

टेबलावर संस्थेचा दुसरा कागद होता. त्यावर सही झाली की वार्सिनीची रवानगी थेट जावातल्या तिच्या गावी.

बाईंनी खालून पहारेकरी कुओला बोलावले. “हे मासे घास देणाऱ्याला ओळखतात. उभे राहा इथे.”

मासे शेवाळात पसार.

“माझी बायकोही मला बघून अशीच आत पळते,” कुओ म्हणाला. “म्हणून मी चोर?”

वार्सिनी पुढे झाली. मासे बाहेर येईनात. बाई स्वतः वाकल्या. तेच.

“तुम्हालासुद्धा ओळख देत नाहीत, प्राध्यापकबाई.”

“म्हणजे आणखी कोणीतरी आहे. आणि दार हिनेच उघडलं.” बाईंनी पेनाचे टोपण काढले. वार्सिनी रडू लागली.

“रडणं पुरे. बाबांना इकडे आण. त्यांच्यासमोरच सही करते.”

खुर्ची टाकीसमोरून निघाली. सहाही मासे शेवाळातून उसळले आणि काचेला नाक लावून थरथरू लागले. वार्सिनी दचकून थांबली. तिने खुर्ची मागे घेतली. मासेही काचेलगत खुर्चीबरोबर सरकले.

बाईंची नजर माशांवरून ओल्या बाहीवर गेली.

आठ महिने मुका असलेला घसा खाकरला.

“सही करू नकोस, यू-हुआ. फेब्रुवारीपासून चालतोय मी. पण धडधाकट बापाकडे तू दहा वर्षांत दोनदा आलीस, आणि लुळ्याकडे दर शनिवारी येतेस.”