तांदळातल्या डब्या

काटा एकोणऐंशीवर थांबला. दोन महिन्यांपूर्वी तो पंचाहत्तरवर होता.

"सुलूबाई, गोळी घेता ना?" पालघरच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "थायरॉइड तसूभर हललेला नाही."

"रोज घेते. उपाशीपोटी. पान्याच्या घोटाबरोबर गिळते, कडू लागंल म्हनून जिभेला लागूसुद्धा देत नाय."

"मग वजन का वाढतंय?"

"तेच तर तुमाला इचारायला आले."

डॉक्टरबाई वैतागल्या होत्या. "उद्यापासून दोन घ्या. त्यापुढे एकही नाही. जास्त झाली तर छाती धडधडते, हात कापतात, माणूस झडतो."

"झडू दे की वाईच."

शिरगावच्या रिक्षात शेजारची म्हणाली, "दोन सीटांचं भाडं दे गो." सुलू अंग चोरून बसली. परवा बोटीवर जाताना केदारनंही विचारलं होतं, "चोरून खातेस काय?" नवऱ्याचा तो प्रश्न तिला अजून सलत होता.

सासू चंद्रकांता अंगणात बोंबील वाळत घालत होती. "काय म्हनली डाक्टरीण? भात कमी कर?"

"गोळी वाढवली."

"गोळ्यांनी काय होतंय? माजं बघ. डायबेटीस झाला, साखर सोडली. दोन महिन्यांत अंग कसं उतरलं! तीनलाच जाग येते, बसवत म्हनून नाय." सासूनं पदरानं कपाळावरचा घाम टिपला. पोलकं तिच्या खांद्यावरून घसरत होतं.

सकाळी सुलूनं तांदळाच्या पिंपात हात घातला. खाऱ्या हवेनं गोळ्या ओलावतात, म्हणून सासूनं दोन्ही बाटल्या दोन सारख्या डब्यांत ओतून तांदळात पुरल्या होत्या. दोरा बांधलेली डबी सुलूची. बिनदोऱ्याची सासूची, चहात साखरेऐवजी टाकायच्या गोळ्यांची.

चंद्रकांतानं चहात दोन गोळ्या टाकल्या, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "ह्यांच्यात गोडी म्हनून नाय." तिनं तिसरी टाकली. तिच्या हातातली कपबशी किणकिणत होती.

"आई, हितं बघा," सुलू म्हणाली. "तुमच्यासमोर घेते. मग सांगा तुमच्या लेकाला, सून घेते का नाय ती."

तिनं आपल्या डबीतल्या दोन गोळ्या जिभेवर ठेवल्या आणि पाण्याशिवाय, सासूकडं रोखून बघत, कराकरा चावल्या.

दोन्ही साखरेहून गोड होत्या.